ठिपक्यांना नंबर दिले तेव्हा

फेब्रुवारीत दिंडोरी-निफाडकडून द्राक्षांचे नमुने सातपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत रोज येतात. गोडी, म्हणजे ब्रिक्स, बागेतच हँड रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाच्या दोन थेंबांत प्रकाश किती वळतो त्यावरून गोडी दाखवणारं हातातलं यंत्र) बघून लिहिलेली असते. रसाची आम्लता आम्ही इथे टायट्रेशननं काढतो. त्या दिवशी दोन्हींचा स्कॅटर प्लॉट काढला: आडवी गोडी, उभी आम्लता, आणि प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका. गोडी चढते तशी आम्लता उतरते, त्यामुळे ठिपक्यांचा तिरका पट्टा दिसत होता. पाच ठिपके मात्र त्यातून सुटून डावीकडे पडले होते. आम्लता तयार मालाची आणि गोडी १६च्या खाली!

१६च्या खाली आमचा खरेदीदार माल उचलत नाही. त्या बागांना 'आठ दिवस थांबा' असं कळवायचं ठरत होतं. आभाळ भरून आलेलं, आणि तयार घडांवर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. वर्षाची मेहनत जाते. हे पाच कोण, ते बघितल्याशिवाय फोन लावायला माझं मन घेईना.

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीत, स्कॅटरमध्ये ठिपक्यांना रंग देता येतो, आकार देता येतो. प्रत्येक ठिपक्याशेजारी वेगळा मजकूर लिहायची सोय नाही. त्यासाठी लूप चालवून, म्हणजे तीच आज्ञा फाइलच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा देऊन, एकेक ठिपका 'ॲनोटेट' करावा लागतो: मजकूर, त्याचे एक्स-वाय, आणि आकडा ठिपक्यावर बसू नये म्हणून थोडं ऑफसेट, म्हणजे बाजूला सरकवणं. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. नंबर म्हणून लूपचा मोजणीचा आकडा कधीच छापू नका. तो सहसा शून्यापासून सुरू होतो, आणि फाइल गोडीप्रमाणे सॉर्ट केलेली असेल तर त्याचा नमुन्याशी संबंधच उरत नाही. एरर येत नाही, आलेख नीट दिसतो, आणि फोन भलत्याच शेतकऱ्याला जातो. नमुना क्रमांक, ब्रिक्स, आम्लता तिन्ही एकाच ओळीतून उचलायचे. सगळ्यांना नंबर दिले तर मधल्या गर्दीत आकडे एकमेकांवर चढतात, म्हणून मी सुटलेल्यांनाच दिले.

४१, ४२, ४३, ४४, ४६.

गावं जानोरी, मोहाडी, खेडगाव. मालक वेगळे, पाणी वेगळं. पण क्रम पाठोपाठचा, म्हणजे वेळ एकच. नमुने आणणाऱ्या मुलाला विचारलं.

"भर दुपारी होतो ताई. यंत्र गाडीच्या डॅशबोर्डवर होतं."

"आणि ४५?"

"त्या बाबांनी चहाला घरात नेलं. तिथंच गारव्याला बसून बघितलं."

साधा रिफ्रॅक्टोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. रस तापला की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं प्रमाण, घटतो आणि गोडी कमी दिसते. दहा अंशांनी जास्त तापला तर साधारण पाऊण ब्रिक्सनं. आणि उन्हात तापलेल्या काचेवर दोन थेंब रस तापायला कितीसा वेळ लागतो?

आम्लतेसाठी काढलेला रस फ्रिजमध्ये होताच. २० अंशांवर आणून पाचही पुन्हा तपासले. सगळे १६च्या वर गेले. सर्वांत मागे ४३ होता, तोही १६.४.

४३च्या बागायतदाराला मीच फोन लावला. "अण्णा, गोडी भरलीय."

"मग उद्या पहाटे मजूर लावतो," ते म्हणाले, आणि लगेच फोन ठेवला. मी फाइलमध्ये रसाच्या तापमानाचा रकाना वाढवला. ठिपक्यांचा रंग आता त्यावरून ठरतो.