दोन पोती कांड्या

जुन्या वस्तूंतून घर सजवायचं सामान करायच्या आमच्या धंद्याचं भांडवल म्हणजे दोन पोती लाकडी कांड्या (मागासाठी सूत गुंडाळायच्या नळ्या), ती कांडी ज्यात बसते ते सात-आठ धोटे आणि सुतळीत ओवलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा. हे सामानही आम्ही विकत घेतलं नव्हतं. आमचे हे ज्या चादरीच्या कारखान्यात मागावर होते, तो नोटाबंदीनंतरच्या उन्हाळ्यात बंद पडला. दोन महिन्यांचा पगार थकलेला. पैसे नाहीत म्हटल्यावर पगाराच्या बदल्यात ही पोती रिक्षातून घरी आली. सासूबाईंनी दारातच विचारलं, "जळणाला आणलंस का रे?"

खरं तर जळणालाच गेली असती. भंगारवाला पुठ्ठ्याला रद्दीचा भाव देत होता आणि कांड्यांकडे बघायलाही तयार नव्हता. आठ-दहा दिवस पोती जिन्याखाली पडून होती. एके रात्री वीज गेली, आणि धाकट्याने पुठ्ठ्यांच्या माळेमागे मोबाइलची बॅटरी धरली. समोरच्या भिंतीवर ठिपकेच ठिपके. मी बघतच राहिले. हे मात्र पलंगावरूनच म्हणाले, "उलटी धरलीस माळ."

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी या पुठ्ठ्यांतून येते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून धोटा निघून जातो. असे शेकडो पुठ्ठे ओळीने ओवले की एक मोर होतो. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास काढलेली ही युक्ती सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आली. आता बऱ्याच ठिकाणी डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, त्यामुळे जुने पुठ्ठे माळ्यावर नाहीतर रद्दीत.

पहिला दिवा मी वीस पुठ्ठ्यांचा केला. मूळ सुतळी तशीच ठेवली, माळ गोल वळवून टोकं बांधली, खाली तेलाच्या डब्याचं कापलेलं बूड आणि आत पाच वॅटचा पिवळसर एलईडी. साधा बल्ब लावायचा नाही, पुठ्ठा तापतो. होल्डर, वायर, पिन आणि बल्ब मिळून एकशे ऐंशी रुपये खर्च आला. नणंदेच्या घरी वास्तुशांतीला भेट दिला, तिथे तिच्या शेजारणीने विचारलं, "मला करून देणार का?" साडेचारशे सांगितले. तिने घासाघीस केली नाही, तेव्हा कळलं की कमी सांगितले.

अक्का याच सुमारास आल्या. आमच्या गल्लीत त्या कांड्या भरायच्या, कारखाना बंद पडल्यावर त्यांचंही काम गेलं. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि शिलाई मशीनवरचा हात असा की मी अजून नुसती बघत बसते. मी एक दिवस विरलेली चादर घेऊन उशीचं कव्हर बेततेय तर त्या दारात उभ्या. "हे काय करलालीस गं? सुई मोडंल." आणि मोडलीच. चादरीला सोळा नंबरची सुई पुरत नाही, अठरा नंबरची लागते, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी भागीदार. कागदावर वगैरे काही नाही.

चादरीवरच आमचं घर चाललं, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे, पण घरोघरी तिची किंमत वेगळ्याच गोष्टीवर ठरते. ती फाटतच नाही. मधोमध विरते, आणि विरली तरी कडा जशाच्या तशा. मग ती गाडी पुसायला नाहीतर गच्चीवर पापडाखाली जाते. या कडांमध्येच माल असतो. साठ इंच पन्ह्यात सतरा-सतरा इंचांचे तीन तुकडे बसतात. निम्मी चादर विरलेली असली तरी सोळा इंची उश्यांची सहा कव्हरं सहज निघतात. सुरुवातीला आम्ही पाठही चादरीचीच लावायचो. कोपरे इतके जाड व्हायचे की उलटताच येईनात, उशी सामोशासारखी दिसायची. आता पाठ जुन्या पलंगपोसाची, दोन तुकडे एकमेकांवर चढवून पाकिटासारखी. चेन लागत नाही, तेवढेच पैसे वाचतात. आणि चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला लालावर पांढरं असेल तर उलट्या बाजूला पांढऱ्यावर लाल, म्हणून तीन कव्हरं सुलट आणि तीन उलट लावली की जोडी विकत आणल्यासारखी दिसते.

घरी करणार असाल तर कापण्याआधी एक गोष्ट करा. पांढरा फडका ओला करून चादरीच्या गडद रंगावर घासा. फडका लाल झाला तर ती चादर फिक्या कापडाला जोडू नका. आमच्या एका गिऱ्हाइकाचा क्रीम रंगाचा सोफा गुलाबी झाला होता, तो धुऊन देण्यात आमची महिन्याची कमाई गेली.

त्याहून मोठी फजिती आरशांची. कांड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. आम्ही गोल प्लायवर आरसा बसवून भोवती सूर्याच्या किरणांसारख्या कांड्या चिकटवल्या. दिसायला सुंदर. ग्लू गनने दहा मिनिटांत एक तयार व्हायचा. थंडीत तेवीस आरसे विकले. एप्रिल उजाडला आणि फोन सुरू झाले. "ताई, तुमचा सूर्य गळायलाय." सोलापूरचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो. पश्चिमेकडच्या गॅलरीत थेट ऊन खाणारा आरसा त्याहून कितीतरी तापतो, आणि ग्लू गनचा गोंद मुळात उष्णतेनेच वितळवून लावलेला. तो परत मऊ पडणारच. एका घरी रात्रीतून अकरा कांड्या खाली. आम्ही दोघी ऐन मे महिन्यात दुपारी स्कूटीवरून घरोघर फिरून आरसे गोळा केले आणि प्रत्येक कांडी मागून स्क्रूने बसवून परत दिली. एका आरशाला आता दहा मिनिटांऐवजी दोन तास लागतात, म्हणून किंमतही वाढली. यूट्यूबवरचे निम्मे उपाय थंड हवेच्या गावात केलेले असतात, हे तेव्हा डोक्यात बसलं.

टायरच्या खुर्च्याही करून पाहिल्या. उन्हात वास मारतात, वर बसल्यावर साडीला काळं लागतं. बंद केल्या. पुण्याच्या एका दुकानाने दिव्यांचा माल नेला आणि निम्मे पैसे आजतागायत दिले नाहीत, त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

२०२० च्या टाळेबंदीत विक्री पार थांबली. घरात बसून बसून बायकांचे फोन यायला लागले: ताई, घरात चार जुन्या साड्या आहेत, काय करू? तेलाचा डबा आहे, काय करू? मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ करून पाठवायला लागले. त्यात एक लक्षात आलं. आमच्या दुकानातला तयार डबा-कुंडी बघून "अहो, हा तर डबाच" म्हणणारी बाई स्वतःच्या घरचा डबा रंगवला की पंधरा जणींना फोटो पाठवते. भंगारातून आणलेल्या वस्तूला मी कितीही नटवलं तरी गिऱ्हाईक भंगाराचाच भाव करतं. घरच्या वस्तूचा भाव कुणी करतच नाही. टाळेबंदी उठली तेव्हा आम्ही तयार मालाची दोन कपाटं रिकामी केली आणि दारावर खडूने लिहिलं: तुमची वस्तू आणा.

आता आमचं तीन चतुर्थांश काम हेच. गिऱ्हाईक वस्तू आणतं, आम्ही मजुरी घेतो, किंवा रविवारी शिकवणीला बसवून तिच्याच हातून करून घेतो. इरकल लुगडी सगळ्यात जास्त येतात. इरकल मूळचं कर्नाटकातलं, आणि कर्नाटक इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक घरात आजीचं एक इरकल असतंच. अंग विरलेलं, पण तो लाल-पांढरा पदर धडधाकट. त्याचा दारावरचा पडदा करायचा तर मागे मांजरपाटाचं अस्तर हवंच, नाहीतर उन्हाने वर्षभरात कापड चिरतं. चादरीचं गिऱ्हाईक मात्र वेगळंच बोलतं. काही चादरींच्या टोकाला कारखान्याचं नाव विणलेलं असतं. आम्ही आधी ते कापून टाकायचो. एक काका चिडले: "त्या नावासाठीच आणली ना चादर. माझा बाप होता तिथं." आता नाव नेहमी उशीच्या बरोबर मध्यावर येतं.

स्वस्तात घर सजवायचं म्हणतात, पण प्रत्येक जुनी वस्तू स्वस्त पडत नाही. काचेच्या बाटलीला प्रायमर, दोन हात रंग आणि वर वार्निश लावलं तर त्या पैशात बाजारात नवी फुलदाणी मिळते. बाटलीचं लेबल तेल आणि खायच्या सोड्याच्या लेपाने काढा, आत पाणी आणि मनीप्लांटची फांदी, बस्स. त्यापुढे खर्च करू नका. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला मात्र खर्च करावा लागतो: बुडाला खिळ्याने पाच-सहा भोकं, कापलेल्या कडा पक्कडीने आत वळवायच्या, मग रेड ऑक्साइड, मग रंग. रेड ऑक्साइड वाचवायला गेलात तर एका पावसाळ्यात गंज वर येतो.

कुंडीत लावायचं काय, हेही सोलापुरात पाणी ठरवतं. नळाला रोज पाणी येत नाही, पिंपं भरून ठेवायची. तिथे गुलाबाचे लाड कोण करणार? कोरफड, सदाफुली, स्नेक प्लांट. आणि सुगडं. संक्रांत झाली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पांगली की घरोघरी पाच-पाच सुगडं उरतात. भट्टीत भाजलेलं साधं मातीचं भांडं, पाणी झिरपतं. ते मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर पणती झाकण म्हणून. दोन-तीन दिवस माती ओलसर राहते. सासूबाईंनी आधी हरकत घेतली, वाणाचं सुगड कुंडीत कसं पुरायचं म्हणून. मग स्वतःच तोडगा काढला, पुरायचं तर तुळशीतच. आमची तुळस तेव्हापासून मे महिन्यातही हिरवी असते, आणि आता त्या शेजारणींची सुगडंही मागून आणतात.

हे सध्या एका गारमेंट कारखान्यात आहेत, संध्याकाळी दिव्यांचं वायरिंग करतात. अक्कांची सून मोबाइलवरच्या ऑर्डरी बघते. कांड्यांचं दुसरं पोतं अजून अर्धं आहे. बाहेरून कांड्या आणायच्या का, असा विषय निघतो, पण प्लॅस्टिकच्याच मिळतात म्हणून राहतो.

आत्ता दुकानात एक पत्र्याची ट्रंक आहे. लग्नात आलेली, झाकणावर कमळ, आतल्या बाजूला कुणीतरी खडूने लिहिलेला दुधाचा हिशोब. बाईंना तिचं बसायचं बाकडं करून हवंय, वर चादरीची गादी. बाहेरून निळा रंग झाला आहे. आतला हिशोब पुसायचा की वरून वार्निश मारून ठेवायचा, ते त्या शनिवारी येऊन सांगणार आहेत, म्हणून झाकण तेवढं उघडंच ठेवलंय.