शापोऱ्याच्या धक्क्यावरची डिंगी

गोव्यातल्या शापोऱ्याच्या धक्क्याचे खांब ओहोटीला बघावेत. पाणी उतरलं की कालवंच कालवं, एकेकाची धार ब्लेडसारखी. आमची २८ फुटी शिडाची बोट ऑक्टोबर ते मे शापोरा नदीत नांगरलेली असते. पाण्याचे कॅन, डिझेल, भाजी, पाहुणे, सगळ्यांची काठावरून बोटीपर्यंत ने-आण डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून. त्यामुळे डिंगी गेली की बोट असून नसल्यासारखीच.

पहिली घेतली हवेची, पीव्हीसीची. हलकी, गुंडाळून ठेवता येणारी, काठावर पाय ठेवला तरी न कलणारी. दुसऱ्या मे महिन्यात मी आणि बायको २० लिटरचे दोन कॅन घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत इंजिनाच्या फळीजवळचा जोड सुटायला लागला. बोटाने दाबून पाहिलं, तर आतला गोंद मधासारखा चिकट झालेला. पट्टी केळ्याच्या सालीसारखी सोलून हातात आली. कालवांच्या आधी उन्हानेच तिला खाल्लं होतं. बायकोने वल्हं मारत काठ गाठला. मी दोन्ही हातांनी तो जोड दाबून धरला होता.

मग हायपालॉनची, म्हणजे एका कृत्रिम रबराच्या कापडाच्या डिंगीची चौकशी केली. ड्यूपाँ कंपनीने २०१० मध्ये ते रबर बनवणं थांबवलं, पण त्याच जातीचं सीएसएम कापड मिळतं आणि उन्हात ते पीव्हीसीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. ज्यांना वाळूवर उतरायचंय त्यांनी खुशाल तेच घ्यावं. वेंगुर्ल्याचे माझे काका, आयुष्यभर तांडेल (होडीचे प्रमुख), एवढंच म्हणाले, "कालवांपुढे रबराचा काय चालता रे? फायबराची घे."

पॉलिथिनची साच्यातली डिंगीही पाहिली. आपटून आपटून फुटत नाही, पण एकदा चिरली की तिच्यावर रेझिन (फायबर जोडायचा द्रव) धरत नाही, प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं. फायबरचं तसं नाही. इथे मासेमारीच्या होड्याच फायबरच्या, त्यामुळे मॅट (काचतंतूंचं कापड), रेझिन आणि जाणता हात गावातच मिळतो.

शेवटी ८ फुटी फायबरचीच घेतली. काठावर पाय दिला की ती कलते, म्हणून चढताना मधोमधच पाय ठेवायचा, हे प्रत्येक पाहुण्याला आधी सांगतो. बसायच्या फळ्यांखाली फोम भरून घेतला, पाणी भरलं तरी तरंगायला हवी. वल्ह्यांनी मात्र ती सरळ चालते; हवेची डिंगी वाऱ्यावर भरकटायची.

बांधतानाही काळजी हवी. भरतीत डिंगी धक्क्याखाली सरकली, तर पाणी चढताना वर काँक्रीटला अडकून दबते. म्हणून मागून छोटा नांगर टाकून तिला धक्क्यापासून लांब धरतो.

मागच्या डिसेंबरात जांभ्याच्या खडकावर घासून तिच्या बुडाला वीतभर ओरखडा पडला. संध्याकाळी घासून, मॅटचे दोन थर देऊन बुजवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डिंगी पाण्यात. यंदा फक्त काठाभोवतीचा दोरखंड बदलायचाय. शिवोलीचा एक ट्रॉलरवाला जुना जाड दोर देणार आहे.