सरफोजी राजांची सही

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मला एकच गोष्ट पाहायची होती: इथल्या मराठा भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी स्वतः जमवलेली, स्वतः हाताळलेली पुस्तकं. पण तिथं हजारोंनी पोथ्या आहेत. संग्रहाची सुरुवात नायक राजांच्या काळातली, पुढं भोसल्यांनी तो वाढवला. मग यातलं सरफोजींचं नेमकं कुठलं?

जायच्या महिनाभर आधी पत्र पाठवलं. मी कोण, काय पाहायचं आहे आणि कशासाठी, एवढंच लिहिलं. सोबत आमच्या सरांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडली. परवानगी मिळाली. पेन्सिल, कोरी वही आणि भरपूर वेळ घेऊन गेले.

पहिला अख्खा दिवस मात्र आकड्यांत गेला. पुण्यात बसून मी संस्कृत पोथ्यांचे क्रमांक टिपून घेतले होते, ते बर्नेल यांच्या १८८० च्या सूचीतले. दिलेली चिठ्ठी परत आली. पोथ्या आता पी. पी. एस. शास्त्री यांच्या वर्णनात्मक सूचीच्या क्रमांकांनी काढायच्या होत्या. शास्त्रींच्या नोंदींत बर्नेलचे जुने क्रमांकही दिलेले आहेत म्हणून निभावलं. एकेक नोंद उलगडत मी दोन्ही आकड्यांची जुळणी करत बसले. कुणी जाणार असेल तर हे काम घरूनच करून जा, तिथला वेळ फार मोलाचा आहे.

दुसऱ्या दिवशी लाल कापडात बांधलेली पोथी समोर आली. सरफोजी १८२० साली मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेला निघाले आणि त्या यात्रेत त्यांनी ढिगानं पोथ्या मिळवल्या, हे वाचलेलं होतं. पण पोथी पाहून ती त्यांतलीच आहे की आधीपासून राजवाड्यात होती, हे मला सांगता येईना. अक्षर सुरेख, कागद जाड, समासात कुणीतरी केलेली दुरुस्ती, आणि मालकाची कुठलीच खूण नाही. खूप वेळ बघत राहिले आणि पुन्हा बांधायला दिली.

खरी खूण छापील पुस्तकांत सापडली. राजांचा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतला संग्रह साडेचार हजारांच्या घरात सांगितला जातो. पहिलं पान उलटलं आणि समोर इंग्रजी अक्षरांतली त्यांची सही. शाई तपकिरी पडलेली. अक्षर जपून काढलेलं, कुठंही घाई नाही. माझं बोट नकळत त्या ओळीकडे गेलं आणि मी ते मागं घेतलं. १७९९ च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला, सरफोजींच्या हाती जेमतेम किल्ला उरला. त्यानंतर हा माणूस रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, शब्दकोश मागवत राहिला. नुसतं वाचून थांबला नाही. धन्वंतरी महाल या आपल्या वैद्यकीय संस्थेत डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यांत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रं काढवून घेतली. आपल्या मराठी मुलांना हे शाळेत का सांगत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संग्रहालयाच्या दालनात ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं मांडलेली आहेत. माणसाचा चेहरा आणि शेजारी त्याच्याशी मिळताजुळता प्राण्याचा चेहरा. अर्धा तास तिथून हलले नाही. ही पानं राजांनीही अशीच उलटून पाहिली असतील, असं सारखं वाटत होतं.

निघायच्या दिवशी श्वार्ट्झ यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये गेले, ते त्या सहीमुळेच. या जर्मन मिशनऱ्यानं सरफोजींना लहानपणी आधार दिला, शिकवलं. १७९८ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. शिष्याचा राज्याभिषेक गुरूनं पाहिला नाही. राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात श्वार्ट्झ अंथरुणाला खिळले आहेत, आणि राजा त्यांचा हात हातात घेऊन उभा आहे.