सरांचा सोपा

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा समितीचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत, माझ्या कारखान्यात लेथजवळ उभा होतो, हात ऑइलने भरलेले. हो म्हणून टाकलं. रात्री लिहायला बसलो तर शाळेबद्दल काही सुचेना. गॅदरिंग, कबड्डीची ढाल, पावसात गळणारा कौलारू वर्ग यांवर बाकीचे लिहितीलच. मला सरच आठवत राहिले. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

सर म्हणजे कोण हे आपल्या गावात सांगावं लागत नाही. शाळेत ते मराठी शिकवायचे. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्यांच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी. दर रविवारी सकाळी दुधाची गाडी गेली की तिथे माणसं जमायला लागायची. कोणाला जमिनीचा उतारा हवा, कोणाला जातीचा दाखला, कोणाचं रेशन कार्डावरचं नाव चुकलेलं. आमचा सीमाभाग मराठी, पण कर्नाटकात; म्हणून कचेरीत सगळा कारभार कन्नडात आणि आमच्या आईबापांना कन्नड बोलायला थोडंफार यायचं, लिहायला अजिबात नाही. "सर, एवढं लिवून द्या की," म्हणत माणूस उंबऱ्याशी टेकायचा. सर फुलस्केप कागद, मध्ये कार्बन, असं पाटावर घ्यायचे आणि वर 'मान्यरे', म्हणजे 'महोदय', लिहून सुरू करायचे. कार्बनची प्रत स्वतःकडे. शिवाय एक लांबट वही होती, तिच्यात तारीख, नाव, काम, आणि काम झालं की बरोबरची खूण.

मराठीच्या शिक्षकाला एवढं कन्नड कुठून आलं? मोठेपणी शिकले. आमच्या कन्नडच्या बाईंकडून प्राथमिकचं पुस्तक मागून नेलं आणि धाकट्या मुलीबरोबर बसून गिरवलं. ती मुलगी पुढे हसत सांगायची, बाबांपेक्षा माझं अक्षर आधी सुधारलं.

पैसे घेत नसत. मग लोक रताळी आणून टाकायचे, बटाटे, क्वचित वासाच्या तांदळाची पुरचुंडी. काकू चहा करून करून दमायच्या. घरात म्हातारी आई, दोन मुली, आणि पगार कधी वेळेवर नाही. "आमच्या घरात दुपारपर्यंत रविवार येतच नाही," असं काकू म्हणायच्या, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. थोरलीच्या लग्नात हळदीच्या दिवशीही सर मांडवाच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अर्ज लिहीत होते. मुलगी चिडली होती, मी ऐकलंय. पण बाजाराच्या दिवशी काकूंसाठी अबोलीचा गजरा आणायला ते कधी विसरले नाहीत, हेही पाहिलंय. पिशवीत सगळ्यात वर, केळीच्या पानात गुंडाळलेला.

1986 साली मी नववीत गेलो. जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला आज हुतात्मा स्मारक आहे ते त्यांचं. आम्ही पोरं नुसती धुमसत होतो. कन्नडच्या तासाला मी वही उघडायचो नाही. आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी सरांनी मला बोलावून पाटासमोर बसवलं. त्यांचा हात दुखत होता. म्हणाले, मी सांगतो, तू लिही.

एका म्हातारीचा विधवा पेन्शनचा अर्ज होता. मी लिहिला. तिच्या नवऱ्याच्या नावात 'ल्ल' होता. कन्नडात दुसरा ल अक्षराच्या खाली लटकवावा लागतो, ते वत्तक्षर मी गाळलं. मुद्दाम नव्हे, पण मन लावूनही नव्हे. सरांनीही त्या दिवशी न वाचताच अंगठा घेतला. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, नाव जुळत नाही म्हणून. म्हातारीची भांगलणीची एका दिवसाची मजुरी बुडाली आणि बसचं भाडं गेलं ते वेगळंच.

सर ओरडले नाहीत. सायकल काढली, मला मागे कॅरियरवर बसवलं आणि भर पावसात वाडीवर नेलं. म्हातारी चुलीपुढे बसली होती. सर म्हणाले, "सांग." मी सांगितलं. तिला काय चुकलं ते कळलंच नाही. अक्षराखालचं एवढंसं अक्षर राहिलं म्हणून पेन्शन अडते, हे तिला कसं कळावं? ती म्हणाली, "असू दे की रे बाळा, लेकरू हाईस." आणि मला भाजलेलं रताळं दिलं. ते मी कसं गिळलं मला माहीत! परतताना सरांनी एवढंच विचारलं, "आता 'ल्ल' काढून दाखवशील?" सायकलवर बसल्या बसल्या मी त्यांच्या पाठीवर बोटाने काढून दाखवला.

1988 ला एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मला कन्नडात मराठीपेक्षा जास्त मार्क पडले. सर यावर फारसे खूश नव्हते!

कोणी त्यांना टोचायचे, एकीकडे महाराष्ट्रात जाण्याचा लढा आणि दुसरीकडे कन्नडात अर्ज. 1 नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, आमच्याकडे तो काळा दिवस. नोकरीत असताना त्या दिवशी ते दंडाला काळी फीत बांधून घरीच बसत, निवृत्तीनंतर सायकल फेरीत जाऊ लागले. 2004 ला महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. त्यानंतरच्या एका काळ्या दिवशी फेरीहून आले तर सोप्यात माणूस बसलेला. फीत दंडाला तशीच आणि हातात पेन. त्या माणसालाच अवघडल्यासारखं झालं. सर म्हणाले, "मग काय कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुझा उतारा थांबवू काय?" तो निकाल अजून लागलेला नाही.

आज माझ्या कारखान्यात बावीस माणसं आहेत, पंपाचे सुटे भाग पुण्यापर्यंत जातात. कामगार खात्याची कन्नड पत्रं मी स्वतः वाचतो, एजंट लागत नाही. हे थोडं मिरवण्यासारखं आहे, मिरवून घेतो. पण आपल्या शाळेवरून जाताना पाचवीच्या वर्गात रिकामी बाकं दिसतात आणि फाटकासमोरून इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसेस भरून जातात. माझी मुलंही त्यातल्याच एका बसमधून गेली. लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

सर जाऊन काही वर्षं झाली. स्मरणिकेत छापायला त्या वहीचा फोटो हवा म्हणून गेल्या महिन्यात काकूंकडे गेलो. सोप्यात आता मोटरसायकल लावलेली असते. काकूंनी वही ट्रंकेतून काढली. मी आधी 1986 चं पान शोधलं. म्हातारीच्या नावापुढे सरांचं बारीक अक्षर: 'परत. तपासले नाही, चूक माझी.' खाली महिन्यानंतरची तारीख आणि बरोबरची खूण.

वही पिशवीत घालणार, तर काकूंनी हात धरला. शेवटचं पान उघडून दाखवलं. दोन नावांपुढे खूण नव्हती.

"ह्यांची कामं व्हायची राहिलीत अजून," त्या म्हणाल्या. "एक उताऱ्याचं आहे. तू वाचतोस न्हवं कन्नड? ती झाली की मग ने वही."

म्हणून या लेखासोबत फोटो नाही. उताऱ्याच्या कामाला मी सोमवारी कचेरीत जातोय.