अकरा वर्षांचा दुभाषी

शनिवारी मी मदत केंद्रात लोकांचे अर्ज भरून द्यायला बसते. परवा एक बाई मुलाला घेऊन आल्या. त्यांना इथली भाषा येत नाही, त्यामुळे बोलत होता तो ११ वर्षांचा पोरगाच. दवाखान्याचं पत्र त्याने आईला वाचून दाखवलं आणि मधल्या दोन ओळी गाळल्या. पत्र माझ्यासमोरच होतं. मी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "आईला पुन्हा तपासणीला बोलावलंय. कसं सांगू कळेना."

घड्या पडून मऊ झालेला तो कागद अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आईचं दुखणं आईला सांगायचं काम लेकरावर का पडावं? दुभाषी मोठं माणूसच हवं, निदान फोनवर तरी. मी त्यांची भाषा येणाऱ्या आमच्या एका ताईंना लगेच फोन लावला.

मग अर्ज. त्यात 'कायमचा पत्ता' हा रकाना. सारखी खोली बदलावी लागणाऱ्या बाईने तिथे काय लिहायचं? कार्यालय पाचला बंद, यांची पाळी सुटते सहाला. रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी गेली.

कागद तपासतील या भीतीने धाकटीचं नाव अजून शाळेत घातलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत असावं, असं २८ वं कलम सांगतं. ताईंनी ते फोनवर समजावलं. सोमवारी आम्ही तिघी शाळेत जाणार आहोत. पोरगा त्याच्या वर्गात बसेल.