मरत नव्हती, वाढतही नव्हती

कोळंबीच्या रोगनिदान प्रयोगशाळेत फोन येतो तो बहुतेक वेळा मरतुकीचा. त्या दिवशी सकाळी आलेल्या संवर्धकांची तक्रार वेगळीच होती. तळ्यात मर नाही, टाकलेलं खाद्य संपतंय, पण दोन महिने होऊन गेले तरी कोळंबी वाढत नाही. एकाच तळ्यातली काही बारा ग्रॅमची, तर काही जेमतेम चार ग्रॅमची. पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोरे तरंगताना दिसत होते.

त्यांनी ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत कोळंबी आणली होती आणि सोबत प्रतिजैविकांची तीन पाकिटं. "मॅडम, यातलं कुठलं घालू तेवढं सांगा. नाहीच जमलं, तर पाणी खाडीत सोडून देतो आणि नवीन बीज टाकतो."

मी म्हटलं, "दादा, आधी झालंय काय ते बघू. तोवर पाकीट फोडू नका आणि तळ्याचं गेटही उघडू नका."

डोक्याकडचं कवच उचललं की कोळंबीचा हेपॅटोपँक्रियास दिसतो. यकृत आणि स्वादुपिंड या दोघांचं काम हा एकच अवयव करतो. निरोगी कोळंबीत तो गडद आणि भरदार असतो. इथे फिकट होता, आक्रसलेला होता. त्याचा बारीकसा तुकडा काचपट्टीवर पसरून रंगवला आणि शंभराच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली धरला. पेशींमध्ये लांबट-गोल ठिपके दाटून बसले होते, प्रत्येक जेमतेम एक-दीड मायक्रॉनचा. हे ईएचपी नावाच्या परजीवीचे बीजाणू असावेत, अशी शंका तिथेच आली. पण एवढे लहान बीजाणू नुसत्या नजरेच्या भरवशावर ओळखायचे नसतात, म्हणून पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, लावली. दुपारी निकाल आला: पॉझिटिव्ह.

ईएचपी (एन्टेरोसायटोझून हेपॅटोपेनी) हा मायक्रोस्पोरिडिया गटातला परजीवी, बुरशीचा जवळचा नातलग. 2004 मध्ये थायलंडमध्ये टायगर कोळंबीत तो पहिल्यांदा आढळला आणि 2009 मध्ये त्याचं नामकरण झालं. सहसा तो एकदम मारत नाही, म्हणूनच लक्षात यायला उशीर होतो. पचनाच्या पेशींत शिरून तिथलीच ऊर्जा वापरतो. कोळंबी खाते, पण अंगी लागत नाही. तो जिवाणू नाही, त्यामुळे ती तीनही पाकिटं त्याच्यापुढे निकामी होती. उलट ते औषध पाण्यातून खाडीत गेलं असतं आणि तिथल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवून बसलं असतं.

हे ऐकून दादा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस टाकलेलं खाद्य वाया गेलं?" बरंचसं गेलं होतं. मला त्यांच्या पैशांइतकाच समुद्राचाही हिशोब दिसत होता. चांगल्या तळ्यात एक किलो कोळंबीला साधारण दीड किलो खाद्य पुरतं. त्या खाद्यात मासळीची भुकटी असते, आणि जगभरातल्या भुकटीचा मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटासारख्या लहान माशांपासून येतो. वाढ खुंटलेल्या तळ्यात रोज पडणारं खाद्य म्हणजे समुद्रातून उपसलेली आणि कोणाच्याच ताटात न गेलेली मासळी. शाश्वत मत्स्यशेतीवर बोलताना मी याच आकड्यापासून सुरुवात करते. वेळेवर झालेलं निदान हे सागरी संवर्धनाचंच काम आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण रोग आला कुठून? दादांनी हॅचरीला, म्हणजे जिथून बीज आणलं होतं त्या बीजकेंद्राला, फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञांनी आढेवेढे घेतले नाहीत. प्रजनकांची, म्हणजे बीजासाठी ठेवलेल्या नर-मादी कोळंबीची, विष्ठा आणि त्यांना खायला घालायचे जिवंत पॉलिकीट (चिखलात राहणारे समुद्री) कृमी, असे दोन्ही नमुने संध्याकाळपर्यंत पाठवले. विष्ठेवरून तपासता येतं ही मोठी सोय आहे, महागडा प्रजनक त्यासाठी मारावा लागत नाही.

इथे प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये नेमका डीएनए हेरणारा छोटा तुकडा, जपून निवडावा लागतो. आधीच्या चाचण्या इतर मायक्रोस्पोरिडियांनाही पॉझिटिव्ह दाखवू शकत, आणि चिखलातल्या कृमींमध्ये असे नातलग असायचेच. 2016 मध्ये बीजाणूच्या भित्तीतल्या प्रथिनाच्या जनुकावर बेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. मी तीच लावली. रात्री डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी जेल दिव्याखाली ठेवली, तर ईएचपीची खूण असलेली 148 बेस लांबीची पट्टी दोन्ही नमुन्यांच्या रांगेत ठसठशीत होती. तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोलची रांग स्वच्छ. कृमींना स्वतःला लागण झाली होती की नुसते बीजाणू त्यांच्या पोटात होते, हे या चाचणीतून ठरत नाही. हॅचरीसाठी मात्र धोका तोच. शिवाय ते कृमी भरती-ओहोटीच्या चिखलातून खणून आणलेले होते, म्हणजे तिथल्या पाणपक्ष्यांच्या तोंडचा घास.

दादा, हॅचरीचे तंत्रज्ञ आणि मी, आम्ही तिघांनी फोनवरच पुढचं ठरवलं. दादा आहे त्या आकाराची कोळंबी लगेच काढणार. पाणी तळ्यातच अडवून, क्लोरीन देऊन, क्लोरीन उतरल्याची खात्री झाल्यावरच सोडणार. तळ वाळवून नांगरायचा आणि हेक्टरी सहा टन कळीचा चुना ओल्या मातीत मिसळायचा, म्हणजे सामू बाराच्या आसपास जातो आणि जाड भित्तीचे बीजाणूही टिकत नाहीत. हॅचरीने जिवंत कृमी बंद करून गोठवलेले वापरायचं कबूल केलं. दादांनी पुढचं बीज पीसीआर अहवाल हातात आल्याशिवाय तळ्यात सोडणार नाही असं सांगितलं, आणि नमुना कसा नि किती आणायचा ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.