तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचा वाफा ओसाड का?

"बागेची एवढी हौस, मग समोरचा वाफा असा ओसाड का ठेवतेस?" थंडी ओसरायला लागली की हा प्रश्न ठरलेला. विचारणारी सगळी माझी जवळची माणसं आहेत आणि त्यांच्या पोटात काही वाईट नसतं. त्यांना वाळक्या काड्यांचे जुडगे दिसतात, काळी पडलेली बोंडं दिसतात, मधे उघडी माती दिसते. आजूबाजूला तोवर हंगामी फुलांची तयार रोपं लागलेली असतात, तिथं रंगांची नुसती रेलचेल. मी आजवर "येईल, येईल" म्हणत विषय टाळला. ते "येईल" कुणाला पटत नाही, हे आता लक्षात आलंय. न पटल्यामुळे काय झालं, तेही एकदा सांगून टाकायचंय.

वाफा ओसाड नाही. कडक थंडी काढणाऱ्या बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षं जगणाऱ्या, फुलझाडांची जगायची रीतच तशी आहे. पानं आणि कोवळे दांडे पाण्यानं भरलेले असतात, कडाक्याच्या थंडीत ते गोठून आतून फाटतात. झाड त्यांना वाचवत बसत नाही. मोसमभर केलेली कमाई मुळांत उतरवतं, वरचा पसारा सोडून देतं आणि जमिनीलगतच्या गड्ड्यावर पुढच्या वर्षाचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, धरून बसतं. पिओनीचे डोळे थंडी सुरू व्हायच्या आधीच तयार असतात. बोटानं वरची माती जरा बाजूला सारली तर दिसतात, लालसर, टोकदार, घट्ट मिटलेले. आणि तो गारठा पिओनीला नुसता सोसत नाही, तो तिला लागतो. पुरेशी थंडी मिळाली नाही तर ती नीट फुलत नाही. त्यामुळे "बारा महिने हिरवं राहील असं काहीतरी लाव ना" असं कुणी म्हणालं, की मला वाईट वाटतं. झाडानं विसावूच नये आणि तरी फुलावं, असं ते मागणं होतं.

आता ती गोष्ट.

त्या वर्षी वसंताच्या सुरुवातीला मामा आमच्याकडे राहायला होते. जन्मभर शेती केलेला माणूस, रिकामं बसणं त्यांना जमतच नाही. वाफ्याच्या पुढच्या भागात पिओनीचे तांबडे कोंब वर आले होते, डेलिलीची पाती वीतभर झाली होती, सेडमचे हिरवे फुटवे मातीला चिकटून दिसायला लागले होते. मागच्या अर्ध्या भागात मात्र हिरवं म्हणून काही नव्हतं. तिथं प्लॅटिकोडॉन होतं, नारिंगी फुलांचं अस्क्लेपियस ट्यूबरोसा होतं आणि थंडी काढणारं, ताटलीएवढ्या फुलांचं हिबिस्कस, म्हणजे जास्वंदीचं भावंड, होतं. ही तिन्ही उशिरा उठणारी झाडं. बाकीची बाग हिरवी झाली तरी त्यांचा पत्ता नसतो. हिबिस्कस तर इतकं उशिरा येतं, की ते लावणाऱ्याचाही धीर सुटतो.

संध्याकाळी कामावरून आले तर मागचा अर्धा वाफा पेरणीला तयार होता. ढेकळं फोडलेली, खडे वेचलेले, माती हातानं सारखी केलेली. इतकी सुरेख मशागत मला कधी साधलेली नाही. पायरीवर माझ्या जस्ताच्या नावपट्ट्या धुऊन, पुसून एका ओळीत मांडल्या होत्या. वाफ्याच्या कोपऱ्यात ढीग होता.

"अगं, ते सगळं मेलं होतं," मामा म्हणाले. "उकरून मोकळं करून दिलंय. आता खुशाल झेंडू लाव."

मी ढिगाशी जाऊन बसले. प्लॅटिकोडॉनचं मूळ फिकट रंगाचं, मांसल, सरळ खाली गेलेलं आणि फार ठिसूळ असतं. त्यातली बहुतेक मधोमध मोडली होती. मोडल्या जागी पांढरा चीक आला होता, काहींवर तो अजून ओला होता. एका मुळाच्या माथ्यावर जांभळट कोंब होता, नखाएवढाही नाही. थोड्याच दिवसांत तो मातीवर आला असता. मेलेल्या मुळाला चीक येत नाही, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणाले, "मामा, आत चला, अंधार पडला."

रात्री विजेरी घेऊन जेवढं जमलं तेवढं परत मातीत घातलं. हिबिस्कसचा गड्डा लाकडासारखा टणक, तो वाचला. अस्क्लेपियसची मुळाच्या तुकड्यांपासूनही रोपं होतात, म्हणून तुकडे वेचून लावले. त्यातले काही फुटले, पण त्यांनी फुलायला फार वेळ घेतला. प्लॅटिकोडॉन सगळं गेलं. फुगवलेल्या कळ्यांचं, निळ्या-जांभळ्या पाच पाकळ्यांचं ते झाड हलवलेलं खपवून घेत नाही, मोडलेलं तर नाहीच.

आणि पिओनी. तिचे कोंब वर दिसत होते म्हणून मामांनी तिला उपटलं नाही. उलट मायेनं तिच्या बुंध्याशी चांगली चार-पाच बोटं खत-माती चढवली. वरून ते इतकं नीटनेटकं दिसत होतं, की माझ्याही ध्यानात आलं नाही. पुढच्या वर्षी तिला भरगच्च पानं आली आणि फूल एकही आलं नाही. पिओनीचे डोळे मातीखाली 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त खोल गेले की ती पानं काढत राहते आणि फुलायचं थांबते. मी हातानं माती खरवडून डोळे परत वर आणले. त्यानंतरच्या मोसमात कळ्या आल्या, मोजक्याच. नीट जागा मिळाली तर पिओनी पन्नास वर्षं आणि त्याहूनही जास्त एकाच ठिकाणी फुलते. तिच्या आयुष्याच्या हिशेबात ही दोन वर्षं काहीच नाहीत. माझ्या हिशेबात मात्र ती होती.

मामांचा राग आला का, असं बहिणीनं नंतर विचारलं. आला, खूप आला. पण त्यांचं चुकलं कुठं, हे मला आजही बोट ठेवून सांगता येत नाही. त्यांच्या शेतात पेरणीच्या वेळी जे हिरवं नाही ते मागच्या पिकाचं धसकट असतं, आणि ते काढायचंच असतं. नावपट्ट्या तर होत्याच. त्यांनी त्या वाचल्या आणि गेलेल्या झाडांच्या समजून जपून ठेवल्या. जास्त लागलं ते लोकांचं "रोपं काय, परत आणता येतात" हे म्हणणं. रोपं आणता येतात. पण बहुवर्षायू रोप पहिलं वर्ष मुळं रोवण्यात घालवतं, दुसऱ्या वर्षी जरा अंग धरतं, आणि तिसऱ्या वर्षी कुठं त्याचं खरं रूप दिसतं. मधला तो काळ कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही.

दुसरा प्रश्न नेहमीचा: "मग कधीच न मरणारं कोणतं ते तरी सांग." एके काळी मी या प्रश्नावर थंडीच्या पट्ट्याचा आकडा सांगून मोकळी व्हायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा जगभरचे बागवाले वापरतात. त्यात वर्षातल्या सर्वांत नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून 13 पट्टे पाडलेत, आणि 2023 ची आवृत्ती 1991 ते 2020 या 30 वर्षांच्या नोंदींवर आधारलेली आहे. आपला पट्टा बघा, रोपाच्या चिठ्ठीवरचा आकडा बघा, जुळलं की घ्या, असं मी ठामपणे सांगायचे. आज तसं सांगायला जीभ रेटत नाही. तो आकडा फक्त थंडीबद्दल बोलतो. माती चिकण आहे की रेताड, उन्हाळा किती तापतो, हिवाळ्यात मुळांशी पाणी साचतं का, यातलं काहीही त्यात नाही. लव्हेंडर आणि गेलार्डिया कोरड्या थंडीत टिकतात आणि त्याच थंडीत ओल्या मातीत कुजतात. मेलेली जी झाडं आपण थंडीच्या खाती टाकतो, त्यातली बरीचशी खरं तर साचलेल्या पाण्यानं मेलेली असतात.

म्हणून आता मी आधी खड्डा करायला सांगते. साधारण 30 सेंटीमीटर खोल खणा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि बघत बसा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला दोन-तीन सेंटीमीटर तरी उतरलं तर बहुतेक फुलझाडांना ती जागा चालते. तसंच साचून राहिलं तर उंच वाफा करा, नाहीतर ओल सोसणारं काही लावा. हिबिस्कस तिथं खूश राहतं. कुंडीत लावणार असाल तर आपल्या पट्ट्यापेक्षा दोन पट्टे जास्त थंडी काढणारं झाड निवडा, कारण कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो. आणि थंडीतला पालापाचोळा जमीन गोठल्यावर पसरा. त्याचं काम ऊब देणं एवढंच नाही. माती गोठते, वितळते, परत गोठते, त्या हिसक्यांनी नवं रोप मुळांसकट वर उचललं जातं आणि उघडं पडतं. पाचोळ्यामुळे ते उचलणं थांबतं.

नावंच हवी असतील तर डेलिली, सेडम आणि मूळ जातीचं जांभळं एकिनेशिया यांच्यावर माझा भरवसा आहे. एकिनेशियाचे नारिंगी, पिवळे संकर दिसतात सुंदर, पण त्यातले बरेच दोन-तीन थंड्यांत दमतात. डेल्फिनियम आणि ल्युपिन मला जिवापाड आवडतात, पण ती अल्पायुषीच. पुन्हा पुन्हा लावायची तयारी असेल तरच त्यांच्या नादी लागा.

"एकदा लावा, मग कष्ट नाहीत" असंही मी पूर्वी म्हणायचे, आणि त्यावर आज माझं माझ्याशीच भांडण आहे. डेलिली दाटली की दर तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून वेगळा करावा लागतो, नाहीतर फुलं कमी होतात. फ्लॉक्सच्या पानांवर भुरी येते. शिवाय एकेक झाड फुलतं ते दोन ते चार आठवडे, म्हणून एकामागून एक फुलणारी जुळवावी लागतात: पिओनी, मग डेलिली, एकिनेशिया, शेवटी सेडम आणि अॅस्टर. ही जुळवाजुळव कष्टाचीच आहे. मला ती आवडते, पण म्हणून ती कमी होत नाही.

वाळक्या काड्या मी का ठेवते, यालाही कारण आहे. एकिनेशियाच्या बोंडांतलं बी पक्षी थंडीभर टिपतात, पोकळ दांड्यांत काही एकांड्या मधमाश्या घरं करतात, आणि गड्ड्यावर थोडा आडोसा राहतो. न्यूयॉर्कला जुन्या उंच रेल्वेमार्गावर 2009 मध्ये खुली झालेली हाय लाइन ही बाग आहे. तिथली लागवड पीट आउडॉल्फ या डच उद्यानकाराची, आणि तिथंही वाळलेलं सगळं थंडीभर उभं ठेवून वसंताच्या तोंडावर कापतात. हे उदाहरण मी सगळ्यांना देते. तरी ओला बर्फ पडून दांडे आडवे झाले, की माझ्याही वाफ्याकडे बघवत नाही. त्या दिवशी कुणी "ओसाड" म्हणालं तर मी वाद घालत नाही.

बहिणीचं म्हणणं, मधल्या जागेत क्रोकस आणि ट्युलिपचे कंद लाव. वाफा लवकर रंगेल आणि खाली काहीतरी आहे हे सगळ्यांना कळेल. म्हणणं रास्त आहे. पण कंद लावायचे तर आदल्या शरदात तिथंच खणायचं, निजलेल्या मुळांच्या अगदी शेजारी, आणि ती नेमकी कुठवर पसरलीत ते वरून दिसत नाही. दर शरदात मी कंद आणायचा विचार करते आणि दर शरदात तो बाजूला ठेवते. प्लॅटिकोडॉनच्या जागी या खेपेला बी पेरलंय, निदान रोप लहानपणापासून तिथलंच असेल. ते कदाचित दुसऱ्या वर्षी फुलेल.

तेव्हा विचारा, विचारायला माझी ना नाही. फक्त मागच्या अर्ध्या भागात खुरपं घालू नका. पिओनीला कळ्या धरल्या आणि तरी हिबिस्कसचा पत्ता नाही असं दिसलं, तरीसुद्धा नका.